१२.१ म्हणजे नेमका कोणता पत्ता? स्प्रेडशीटमधील आयपी पत्त्यांचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

एका मोठ्या संस्थेच्या संकुलात प्रिंटर, कॅमेरे, दरवाज्यांची नियंत्रक उपकरणे आणि वाय-फायचे अ‍ॅक्सेस पॉइंट यांना कायमचे आयपी पत्ते (नेटवर्कवर उपकरण ज्याने ओळखले जाते ते क्रमांक) नेमून दिलेले होते. त्यांच्यासाठी १०.२०.१२.०/२२ हा पट्टा राखलेला होता, म्हणजे १०.२०.१२.० पासून १०.२०.१५.२५५ पर्यंत एकूण १०२४ पत्ते. (संस्थेची ओळख उघड होऊ नये म्हणून पट्ट्याचे आकडे येथे बदलले आहेत, घटनाक्रम आणि चुकांचे स्वरूप तेच आहे.) पत्ता प्रत्येक उपकरणात हातानेच भरला जात असे आणि कोणते उपकरण कोणत्या पत्त्यावर आहे याची नोंद एका स्प्रेडशीटमध्ये ठेवली जात असे. तिच्यात उपकरणाचे नाव, जागा, मॅक पत्ता (उपकरणाच्या नेटवर्क जोडणीचा स्वतःचा ओळखक्रमांक), आयपी पत्ता, गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे नेणाऱ्या यंत्राचा पत्ता) आणि शेरा असे रकाने होते. दुसरी कोणतीही नोंद नसल्यामुळे तीच अंतिम मानली जात होती.

आयपी पत्त्याच्या रकान्यात मात्र पूर्ण पत्ता नव्हता. सगळेच पत्ते १०.२० ने सुरू होत असल्यामुळे पहिले दोन ऑक्टेट (टिंबांनी वेगळे केलेले ० ते २५५ पर्यंतचे आकडे) प्रत्येक ओळीत टंकण्यात कोणालाच अर्थ वाटत नव्हता. नेटवर्क सांभाळणारी मंडळी तोंडीही ‘बारा-सदतीसवरचा प्रिंटर’ असेच म्हणत, आणि नोंदीत तेच १२.३७ असे उतरत असे. याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल, कारण या क्षेत्रात अशा संक्षेपाची जुनी परंपरा आहे. खासगी नेटवर्कसाठी पत्ते राखून ठेवणाऱ्या फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजातही (आरएफसी म्हणजे इंटरनेटची तांत्रिक मानके सांगणारी दस्तऐवजमालिका) पहिल्या पट्ट्याचा, म्हणजे १० ने सुरू होणाऱ्या सर्व पत्त्यांचा, उल्लेख १०/८ असा केलेला आहे. (तेच १०/८ स्प्रेडशीटच्या सेलमध्ये टंकले तर त्याची तारीख होते.)

पूर्ण पत्त्यात तीन टिंबे असतात, आणि टिंब हे दशांशचिन्ह मानणाऱ्या मांडणीत तीन टिंबांची संख्या असूच शकत नाही. त्यामुळे असा पत्ता स्प्रेडशीट आपोआप मजकूर म्हणून ठेवते. दोन ऑक्टेटमध्ये एकच टिंब उरते, आणि १२.३७ हा सेलच्या दृष्टीने सरळसरळ दशांश अपूर्णांक ठरतो. या प्रकरणातील बाकी सगळे या एका गोष्टीतून निघाले.

अडचण

दशांश अपूर्णांकाच्या शेवटच्या शून्याला किंमत नसते, पत्त्यातल्या शून्याला असते. १२.१०० टंकले की सेलमध्ये १२.१ ही संख्या साठते, १२.१० टंकले तरी तीच साठते. आणि खऱ्या १२.१ ची तर साठतेच. तीन वेगळी उपकरणे, नोंद मात्र एक. शून्य केवळ दिसेनासे होत नाही, ते साठवलेच जात नाही. म्हणून रकान्याचा प्रकार नंतर बदलून ‘मजकूर’ केला तरी ते परत येत नाही.

नुकसान नेमके किती, हे मोजता येते. शेवटचा ऑक्टेट १ ते २५ यांपैकी असेल, किंवा ३० पासून २५० पर्यंतच्या शून्याने संपणाऱ्या संख्यांपैकी असेल, तरच गोंधळ होतो. १२.२ च्या जागी २, २० किंवा २०० असू शकतात, १२.३ च्या जागी ३ किंवा ३०, १२.११ च्या जागी ११ किंवा ११०, आणि १२.२५ च्या जागी २५ किंवा २५०. १२.२६ मात्र निर्धोक आहे, कारण २६० हा ऑक्टेट अस्तित्वातच नाही. अशा रीतीने प्रत्येक २५६ पत्त्यांमागे ४८ पत्ते संदिग्ध होतात, आणि चार भागांच्या या पट्ट्यात १९२. प्रमाण पाचव्या हिश्श्यापेक्षा कमी आहे. पण नेटवर्क उभारताना माणसे १, १०, २०, ५०, १०० अशाच गोल आकड्यांवर महत्त्वाची उपकरणे ठेवतात, त्यामुळे प्रत्यक्षातली हानी या हिशेबापेक्षा जड होती.

तरीही ही त्रुटी बराच काळ कोणाला टोचली नाही. एखाद्याला १२.१ तीनदा दिसले, तरी उपकरणाचे नाव आणि जागा पाहून ‘हा तर शंभरवाला’ हे त्याला आठवत असे. नोंदीतली उणीव माणसांच्या स्मरणशक्तीने भरून निघत होती.

मग संस्थेने हाताने भरलेले पत्ते सोडून सर्व उपकरणांना मध्यवर्ती डीएचसीपी सर्व्हरवरून (उपकरणांना आपोआप पत्ते देणाऱ्या यंत्रणेवरून) राखीव पत्ते देण्याचे ठरवले. त्यासाठी स्प्रेडशीटमधून सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी मूल्ये वेगळी केलेली साध्या मजकुराची फाइल) काढायची, एका छोट्या स्क्रिप्टने प्रत्येक मूल्याच्या आधी ‘१०.२०.’ जोडायचे आणि मॅक पत्त्यासह ती जोडी सर्व्हरवर चढवायची, असा बेत होता. फाइल तयार करणाऱ्या सहकाऱ्याला काही मूल्यांमधले शून्य गळालेले दिसले. त्याने केलेला उपाय त्या क्षणी कोणालाही सुचला असता: संपूर्ण रकान्याला दोन दशांश स्थळांचे स्वरूप दिले. १२.१ च्या जागी १२.१० दिसू लागले, रकाना एकसारखा आणि नीटनेटका झाला, आणि काम झाले असे वाटले.

माझ्या मते या प्रकरणातला पहिला आणि सर्वांत महाग निर्णय हाच होता. कारण सेलमधली मूल्ये शाबूत असली, तरी सीएसव्ही फाइलमध्ये एक्सेल पडद्यावर जे दिसते ते लिहिते. १२.५ चे १२.५० झाले, म्हणजे पाचव्या पत्त्यावरचे उपकरण पन्नासाव्यावर गेले. १२.१३७ दोन स्थळांपर्यंत पूर्णांकित होऊन १२.१४ झाले, आणि १२.२५४ चे १२.२५. एकट्या १२.१० या मूल्यात आता १, १०, १०० आणि १०१ ते १०४ असे सात पत्ते मिसळले होते. आधीच्या चुकीने फक्त शून्ये गेली होती; या दुरुस्तीने तीन अंकी ऑक्टेटही गिळले, आणि वर फाइल पूर्वीपेक्षा अधिक बरोबर दिसू लागली.

सर्व्हरने एकाच पत्त्यासाठी आलेल्या दुसऱ्या नोंदी नाकारल्या. ही नकारांची यादी लांब होती, पण ‘जुन्या नोंदीतल्या पुनरावृत्ती असतील’ असे समजून ती बाजूला ठेवली गेली. उपकरणे टप्प्याटप्प्याने डीएचसीपीवर वळवायला सुरुवात झाली आणि पहिल्याच टप्प्यात १३७ वरचा एक कॅमेरा १४ या पत्त्यावर जाऊन बसला, जिथे दरवाज्याचे एक नियंत्रक उपकरण अजून हाताने भरलेल्या पत्त्यासह चालू होते. पत्त्यांची टक्कर कशी ओळखावी हे जुलै २००८ च्या आरएफसी ५२२७ मध्ये सांगितलेले आहे, परंतु या दोन उपकरणांपैकी कोणीही माघार घेतली नाही. कधी दरवाजा प्रतिसाद देई, कधी कॅमेरा. तक्रार आली ती ‘दरवाजा अधूनमधून उघडत नाही’ अशी, आणि सुरुवातीचा सगळा शोध कुलपाच्या वायरिंगमध्ये घेतला गेला.

पर्यायांचा विचार

मूळ कारण कळल्यावर पहिला निर्णय झाला तो चांगला होता: उपकरणे वळवण्याचे काम तिथल्या तिथे थांबवले गेले. टप्प्याटप्प्याने जाण्याची मूळ योजना इथे उपयोगी पडली, कारण बहुतेक उपकरणे अजून आपल्या खऱ्या पत्त्यावरच होती. त्यानंतर चार मार्ग चर्चेत आले.

जुनी प्रत परत आणण्याचा पर्याय सर्वांना आधी सुचला, आणि तो सर्वांत निरुपयोगी ठरला. शून्य टंकतानाच गळाले होते, त्यामुळे कितीही मागची प्रत काढली तरी तीत ते नव्हतेच. फार तर सीएसव्हीच्या आधीची, म्हणजे पूर्णांकित न झालेली मूल्ये मिळाली असती. ती मूळ स्प्रेडशीटमध्ये होतीच.

दुसरा मार्ग ओळींच्या क्रमावरून अंदाज बांधण्याचा होता. नोंदी ज्या क्रमाने भरल्या तो क्रम टिकला असता, तर १२.९ आणि १२.११ यांच्यामधले १२.१ हे दहाच असणार, असे खात्रीने म्हणता आले असते. पण मध्यंतरी कोणीतरी त्याच रकान्यावरून पत्रक चढत्या क्रमाने लावून जतन केले होते. तिन्ही १२.१ शेजारी-शेजारी येऊन बसली होती आणि क्रमातली माहितीही नाहीशी झाली होती.

सर्व उपकरणांना नव्याने पत्ते देण्याचा तिसरा मार्ग काहींना आकर्षक वाटला, कारण त्यात जुन्या गोंधळाचा हिशेबच द्यावा लागत नव्हता. परंतु कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, प्रिंट सर्व्हर आणि फायरवॉलचे नियम या सर्वांत जुने पत्ते लिहिलेले होते, आणि कोणता पत्ता कोणाचा हे कळल्याशिवाय तेही बदलता येणार नव्हते.

उरला तो नेटवर्कलाच विचारण्याचा मार्ग. चालू असलेले उपकरण आपला पत्ता लपवू शकत नाही. मुख्य स्विचच्या एआरपी तक्त्यात आयपी आणि मॅक यांची जोडी येतेच. हाच मार्ग निवडला गेला. बंद असलेली उपकरणे या पद्धतीत दिसत नाहीत, आणि पहिल्या टप्प्यात वळवलेली उपकरणे आता चुकीचे पत्ते सांगणार, या दोन मर्यादा मान्य करूनच तो निर्णय झाला.

केलेली कृती

मूळ स्प्रेडशीट केवळ वाचनासाठी खुली ठेवून तिची एक प्रत वेगळी काढली आणि आयपीचा रकाना त्या प्रतीतही जसाच्या तसा राहू दिला. एआरपी तक्ता दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी आणि अनेक दिवस उतरवून घेतला, कारण झोपेत जाणारे प्रिंटर आणि क्वचित चालू होणारी उपकरणे एका उताऱ्यात सापडत नाहीत. पहिल्या टप्प्यातील उपकरणांसाठी रेकॉर्डरच्या आणि प्रिंट सर्व्हरच्या सेटिंगमधून पूर्ण पत्ते घेतले. तिथे कोणी संक्षेप केलेला नव्हता, कारण ती यंत्रे संक्षेप स्वीकारतच नाहीत.

जोडणी मॅक पत्त्यावरून करायची होती, आणि तिथे दुसरा धक्का बसला. काही नोंदींमध्ये मॅक पत्ता मधल्या अपूर्णविरामांशिवाय (:), सलग बारा चिन्हांचा लिहिला होता. तो सगळा अंकांचाच असेल तर सुरुवातीची शून्ये गळतात. पण लांबी ठाऊक असल्यामुळे ती परत भरता येतात. ज्यात फक्त अंक आणि मध्ये एकच ‘ई’ हे अक्षर आहे, असा पत्ता मात्र स्प्रेडशीट घातांकातली संख्या समजते. ००१२३४५६७८ई९ आणि ०१२३४५६७८०ई८ हे दोन निराळे मॅक पत्ते आहेत, पण संख्या म्हणून दोघांचेही मूल्य १२३४५६७८ गुणिले १० चा नववा घात इतकेच होते. अशा नोंदी विरळ असतात. इथे सापडल्या त्या उपकरणावरच्या लेबलवरून दुरुस्त कराव्या लागल्या.

नवे पत्रक तयार करताना पूर्ण चार ऑक्टेटचा पत्ता लिहायचा, याबद्दल आता मतभेद उरला नव्हता. एआरपीचे उतारे दुहेरी क्लिक करून उघडण्याऐवजी पॉवर क्वेरीतून (एक्सेलमधल्या माहिती आयात करण्याच्या साधनातून) आणले आणि प्रत्येक रकान्याचा प्रकार स्पष्टपणे ‘मजकूर’ ठेवला. पॉवर क्वेरी स्वतःहून प्रकार बदलण्याची जी पायरी घालते, ती आठवणीने काढून टाकावी लागते. नाहीतर दार बदलून तीच चूक आत येते.

खरी चर्चा झाली ती क्रम लावण्यावर. मजकूर म्हणून लावल्यास १०.२०.१२.१०० हा पत्ता १०.२०.१२.२ च्या आधी येतो. एका सहकाऱ्याने प्रत्येक ऑक्टेट तीन अंकी करण्याचा, म्हणजे ०१०.०२०.०१२.१०० असे लिहिण्याचा आग्रह धरला. क्रम खरोखरच सुधारतो, पण अनेक साधने सुरुवातीचे शून्य पाहून संख्या अष्टमान (दहाऐवजी आठच्या आधारावरची) समजतात: ०१० म्हणजे ८, ०२० म्हणजे १६ आणि ०१२ म्हणजे पुन्हा १०. पत्रकातून उचललेला असा पत्ता थेट कमांडमध्ये चिकटवला, तर चौकशी भलत्याच ठिकाणी जाते. याच संदिग्धतेमुळे पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या ३.९.५ या आवृत्तीपासून त्यातील आयपी पत्त्यांचे मॉड्यूल अशी शून्ये चूक म्हणून नाकारते. म्हणून पत्ता नेहमीच्या रूपातच ठेवला आणि शेजारी एक स्वतंत्र क्रमकी (क्रम लावण्यासाठीची संख्या) काढली: पहिला ऑक्टेट गुणिले १६७७७२१६, दुसरा गुणिले ६५५३६, तिसरा गुणिले २५६, आणि त्यात चौथा मिळवायचा. १०.२०.१२.१०० ची क्रमकी १६९०८६०५२ येते. मोठ्यात मोठी क्रमकी ४२९४९६७२९५ असते आणि स्प्रेडशीट १५ अंकांपर्यंत अचूक राहते, त्यामुळे इथे धोका नाही.

क्रमकीचा आणखी एक फायदा झाला. पत्ता आपल्या पट्ट्यातला आहे की नाही हे पाहण्यासाठी ती १६९०८५९५२ आणि १६९०८६९७५ यांच्या दरम्यान आहे का, एवढेच तपासावे लागते. प्रत्येक ऑक्टेट २५५ पेक्षा मोठा नाही ना, हे मात्र वेगळे तपासले, कारण १०.२०.१२.२५६ हा अशक्य पत्ता गुणाकारात गुपचूप १०.२०.१३.० होऊन जातो. असा पत्ता कोण टंकेल, असे वाटेल. पण तो कोणी टंकत नाही. सेलचा कोपरा धरून खाली ओढला की शेवटचा आकडा एकेकाने वाढत जातो, आणि २५५ पाशी थांबायचे असते हे स्प्रेडशीटला ठाऊक नसते. त्याच ओढण्याने गेटवेच्या रकान्यातही घोळ केलेला आढळला: सर्व ओळींत १०.२०.१२.१ हवे असताना खाली खाली .२, .३, .४ असे गेटवे तयार झाले होते. ही चूक शोधायला कोणी निघाले नव्हते.

पुनरावृत्ती शोधताना ‘काउंटइफ’ हे (अटीत बसणारे सेल मोजणारे) फलन सर्वांच्या हाताशी होते. जुन्या दोन ऑक्टेटच्या नोंदी मजकूर करून त्यावर ते चालवले असते, तर १२.१ आणि १२.१० त्याने पुन्हा एकच मानले असते, कारण संख्येसारखा दिसणारा मजकूर ते संख्या म्हणूनच पडताळते. केवळ रकाना ‘मजकूर’ केला की भागते, असे मानणाऱ्यांनी पूर्ण पत्त्याला होकार दिला तो हे पाहिल्यावर.

निष्पत्ती

चालू उपकरणांच्या जवळजवळ सर्व नोंदी एआरपीच्या उताऱ्यांतून निश्चित झाल्या. जुन्या पत्रकातल्या संदिग्ध मूल्याशी प्रत्येक निष्कर्ष ताडून पाहिला: नेटवर्क १०० म्हणत असेल तर जुनी नोंद १२.१ असायलाच हवी. जिथे हा मेळ बसला नाही, तिथे उपकरण मधल्या काळात कोणीतरी न कळवता हलवले होते. थोडी उपकरणे बंद किंवा कपाटात पडून होती. त्यांचे पत्ते जागेवर जाऊन, चालू करून पाहावे लागले. काहींचा मागमूसच लागला नाही. त्या ओळी न पुसता ‘अनिश्चित’ असा शेरा मारून ठेवल्या आणि त्यांच्या नावावरचे सर्व संभाव्य पत्ते वाटपातून वगळले. थोडे पत्ते वाया गेले, पण १०२४ च्या पट्ट्यात ते परवडण्यासारखे होते.

डीएचसीपीवर वळवण्याचे काम नंतर नव्या पत्रकावरून पूर्ण झाले. नोंदीची मूळ जागा मात्र स्प्रेडशीट राहिली नाही. ती पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये गेली, जिथे पत्त्यांसाठी ‘आयनेट’ हा स्वतंत्र प्रकार आहे, जो अशक्य पत्ता स्वीकारत नाही आणि क्रमही योग्य लावतो. स्प्रेडशीट आता तिथून काढलेली, फक्त वाचण्यासाठीची प्रत आहे.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत स्वस्त तपासणी सीएसव्ही चढवण्याआधीची होती: एकूण ओळी किती आणि त्यातले वेगवेगळे पत्ते किती. हे दोन आकडे शेजारी ठेवले असते, तर फाइल पुढे गेलीच नसती. सर्व्हरने नाकारलेल्या नोंदींची यादी हीच तपासणी आयती हातात देत होती. ती बाजूला ठेवणे हा दुसरा मोठा चुकलेला निर्णय.

दशांश स्थळांची दुरुस्ती करणाऱ्या सहकाऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण त्याला शून्य गळाल्याचे दिसले आणि इतर कोणाला वर्षानुवर्षे दिसले नाही, हेही नोंदवले पाहिजे. त्याने विचारायला हवा होता तो प्रश्न असा, की १२.१ च्या जागी १२.१० दिसू लागल्यावर खरा १२.१ कुठे गेला. एका ओळीवर हा प्रश्न लावून पाहायला मिनिटही लागले नसते.

एक्सेलमध्ये २०२३ पासून आपोआप होणारी काही रूपांतरे बंद करता येतात. त्यात सुरुवातीची शून्ये आणि ‘ई’ असलेले आकडे येतात, त्यामुळे मॅक पत्त्यांचे नुकसान त्या सोयीने टळले असते. दशांशाच्या शेवटचे शून्य मात्र त्या यादीत नाही. जर्मनसारख्या मांडणीत, जिथे टिंब हजारांचे गट पाडते, १९२.१६८.१००.२०० हा पूर्ण पत्तासुद्धा १९२१६८१००२०० ही संख्या होऊ शकतो. म्हणजे पूर्ण पत्ता आणि मजकूर प्रकार हे दोन्ही एकत्र लागतात.

क्रमकीची युक्ती आयपीव्ही६ ला (आयपी पत्त्यांच्या नव्या, लांब पद्धतीला) चालणार नाही. तो पत्ता १२८ बिटांचा, म्हणजे दशमानात ३९ अंकांपर्यंतचा असतो, आणि १५ अंकांनंतर स्प्रेडशीट सगळी शून्ये भरते. ऑगस्ट २०१० च्या आरएफसी ५९५२ ने या पत्त्यांचे आखूड, लहान अक्षरांतले प्रमाण रूप ठरवले आहे. वाचण्यासाठी आणि जुळवण्यासाठी तेच ठेवावे, आणि क्रमासाठी शेजारच्या रकान्यात सर्व शून्यांसह ३२ चिन्हांचे पूर्ण विस्तारित रूप. तिथे प्रत्येक गटाची लांबी ठरलेली असल्यामुळे मजकूर म्हणून लावलेला क्रमच बरोबर येतो, आणि सोळामान पद्धत निश्चित असल्यामुळे सुरुवातीच्या शून्यावरून अष्टमानाचा घोळही होत नाही. या संस्थेने नव्या नोंदींमध्ये हे दोन रकाने आधीच ठेवले आहेत. ते अजून रिकामे आहेत.